शिट्टी मात्र एकच

नियमकाका बुद्धिबळाचा वजीर रुमालाने पुसत होते, तेव्हा ती शिट्टी पहिल्यांदा वाजली.

साधीसुधी शिट्टी नव्हती ती. पीटीच्या सरांची शिट्टी कशी 'चला रे' म्हणते, कुकरची शिट्टी 'झालं हं' म्हणते, तशी ही सरळ 'खबरदार!' म्हणत होती. तिच्यासरशी इमारतीसमोरच्या रस्त्यावर एक टेम्पो करकचून थांबला. टेम्पोमागे स्कूटर थांबली, स्कूटरमागे एक लांबलचक काळी गाडी थांबली, आणि त्या थांबलेल्या जगाच्या मधोमध, नारिंगी जाकीट घालून, 'थांबा' असं लिहिलेली गोल पाटी उंच धरून एक माणूस प्रकट झाला. त्याच्या पाठीमागून शाळेची पोरं, दप्तरं हलवत, राजेरजवाड्यांच्या थाटात रस्ता ओलांडू लागली.

नियमकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माणूस तोच राहिला. ते मवाळकाका होते!

आता इथे नियमकाकांना धक्का का बसला ते सांगायला हवं. मवाळकाका म्हणजे त्यांच्या समोरच्या दारात राहणारे, औषधांच्या दुकानात सगळा जन्म काढून निवृत्त झालेले, आणि आयुष्यात कधी मोठ्याने जांभईसुद्धा न दिलेले गृहस्थ. मांजर त्यांच्या खुर्चीवर बसलं तर ते स्वतः स्टुलावर बसायचे. रोज सकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर दोघांचा बुद्धिबळाचा डाव मांडला जायचा आणि रोज सकाळी मवाळकाका हरायचे. तेही इतक्या गोडीने, की जिंकणाऱ्याला वाटावं आपण जगावर उपकार करतोय. हात लावलेली सोंगटी हलवलीच पाहिजे, हा नियम नियमकाका त्यांना रोज सांगायचे आणि ते रोज नव्याने ऐकल्यासारखं "हो का?" म्हणायचे. अशी दोस्ती शोधून सापडत नाही.

आणि नियमकाका? कुठल्याशा मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते. अख्ख्या इमारतीत कचरा कुठे ठेवायचा, सायकली कुठल्या बाजूला लावायच्या, पाण्याची टाकी कधी धुवायची, असा कुठलाही प्रश्न पडला की लोक त्यांच्या दाराशी यायचे. ते डोळे मिटायचे, "नियम असं सांगतो की..." अशी सुरुवात करायचे, आणि समोरच्याचे पाय दुखेपर्यंत थांबायचे नाहीत.

तर असे हे नियमकाका शिट्टी ऐकून उठले आणि तरातरा रस्त्याकडे निघाले. विचारायचंच होतं त्यांना, हा काय पोरकटपणा चालवलाय म्हणून. पण रस्त्याच्या कडेला पाय ठेवतात न ठेवतात तोच फुर्रर्र!

"थांब रे," मवाळकाका पाटी त्यांच्या नाकासमोर धरून म्हणाले. "आधी मुलं."

आधी मुलं! दोस्तीतल्या माणसाला! पहिलीतली एक चिमुरडी नियमकाकांकडे बघून फिसकन हसली. त्या हसण्याचा वळ त्यांच्या मनावरून पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

पोरं शाळेत गेल्यावर मवाळकाका घाम पुसत पायरीवर येऊन टेकले.

"अरे, काही नाही रे. परवा नागरिक सुविधा केंद्रात गेलो होतो, वाचनालयाचं ज्येष्ठ नागरिकांचं कार्ड काढायला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, सकाळ-दुपार मोकळे असता का? म्हटलं असतो. म्हणाल्या, नजर चांगली आहे का? म्हटलं आहे. म्हणाल्या, हे घ्या जाकीट."

"परीक्षा?" नियमकाकांनी विचारलं.

"नाही."

"मुलाखत?"

"हीच की."

"अनुभवाचा दाखला?"

"कसला अनुभव रे? रस्ता ओलांडायचा? तो तर सगळ्यांनाच असतो."

नियमकाकांनी वजीर पुन्हा पुसायला घेतला. उभी हयात त्यांनी एकेका कागदाच्या तीन-तीन प्रती काढण्यात घालवली होती. बढतीसाठी परीक्षा दिल्या होत्या, नापास झाले होते, पुन्हा दिल्या होत्या. आणि इथे हा माणूस वाचनालयाचं कार्ड काढायला जातो आणि शिट्टी घेऊन परत येतो! मूठभर लोकांपुढे सुद्धा ज्याचा आवाज फुटत नाही, त्याच्या एका फुंकरीवर टेम्पो थांबतो!

त्या दिवशी डाव झाला नाही. मवाळकाका दमले होते. दुसऱ्या दिवशीही झाला नाही, आणि मग होईनासाच झाला.

मत्सर हा एक आजारच आहे. तापासारखा तो चढतो, पण थर्मामीटरमध्ये दिसत नाही. नियमकाकांचा रोज सकाळी शाळेच्या वेळेला चढायचा. खिडकीत पडद्याआड उभं राहून ते बघायचे. डॉक्टरीणबाई गाडीतून मवाळकाकांना हात करायच्या. टेम्पोवाला म्हणे "राम राम साहेब" करायचा. साहेब! पोरं टाळ्या द्यायची. आणि तळमजल्यावरच्या मावशी, ज्या कुणाला घोटभर पाणी द्यायचं तरी आधी विचार करत, त्या चक्क थर्मासमधून चहा घेऊन रस्त्यावर जायच्या. मवाळकाका हे नावसुद्धा मागे पडलं. पोरांनी त्यांचं बारसं केलं, शिट्टीकाका! आणि ते नाव इमारतभर झालं.

कळस झाला तो टाकीच्या वेळी. गच्चीतली टाकी गळायला लागली. नियमकाका डोळे मिटून तयारच बसले होते. कुणी आलंच नाही. शेवटी न राहवून ते जिन्यात गेले, तर सगळे शिट्टीकाकांभोवती कोंडाळं करून उभे! आणि टाकीतलं ओ की ठो न कळणारा तो माणूस म्हणत होता, "मला वाटतं, प्लंबरला बोलवावं."

"वा!" मावशी म्हणाल्या. "किती नेमकं बोलता हो तुम्ही!"

नियमकाका घरात आले आणि पलंगावर आडवे झाले.

"काय होतंय?" काकूंनी विचारलं.

"पोटात दुखतंय."

"ते दिसतंच आहे," काकू म्हणाल्या. "जाकीट नारिंगी आहे ना, त्या रंगाने दुखतं कधी कधी." आणि त्यांनी पोटदुखीची गोळी आणून पुढ्यात ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायकोची गोळी कुठली आणि टोमणा कुठला हे वेगळं काढता येत नाही. नियमकाकांनी दोन्ही गिळलं.

दुसऱ्या दिवशी ते कोणाला न सांगता नागरिक सुविधा केंद्रात गेले.

ते केंद्र म्हणजे एक लांबच लांब हॉल. एका भिंतीला ओळीने खिडक्या, दुसऱ्या भिंतीला ओळीने खुर्च्या, आणि खुर्च्यांवर ओळीने कंटाळलेली माणसं. कुणाला घरकामाला माणूस मिळवून हवा होता, कुणाला रस्त्यावरचा दिवा दुरुस्त करून हवा होता, कुणाला कुत्र्याचा परवाना हवा होता. (कुत्राही सोबत आला होता आणि सगळ्यांत शांत तोच होता.) दाराशी नंबरचं यंत्र. नियमकाकांनी बटण दाबलं, कागदाची पट्टी घेतली आणि नियमानुसार बसले. नंबर लागला. ते खिडकीशी गेले, छाती काढून म्हणाले, "ज्येष्ठ नागरिक. सकाळ-दुपार मोकळा. नजर चांगली."

खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "प्रकृती?"

"ठणठणीत."

"फोटो?"

त्यांनी दिला. ठप्प, ठप्प, ठप्प, शिक्के पडले. इतक्या सहजपणे काम होतंय हे पाहून त्यांना दोस्ताबद्दल क्षणभर प्रेमसुद्धा वाटलं. हातात कार्ड पडलं तेव्हा त्यांनी वाचलं. 'पालिका जलतरण तलाव. ज्येष्ठांसाठी पाण्यातील व्यायाम.'

"पण मला रस्त्यावर उभं राहायचंय!"

"मग पलीकडची खिडकी," माणूस म्हणाला. "कार्ड परत होत नाही. पोहायची टोपी स्वतःची आणायची."

पलीकडच्या खिडकीत त्याच त्या बाई होत्या. 'स्थानिक रोजगार व साहाय्य' अशी वर पाटी. बाईंचा आवाज एकदम गोड, पण 'नाही' हा शब्दही त्या त्याच गोड आवाजात म्हणायच्या, हा घोटाळा होता.

"तुमच्या शाळेच्या रस्त्यावर माणूस आहे आजोबा. खूप छान काम करतात ते."

आजोबा! आणि वर 'छान काम'!

"दुसरी जागा?"

"जिथून पुरेशी मुलं पायी रस्ता ओलांडतात, तिथेच माणूस देतो आम्ही. आमचा मोजणीदार येऊन मोजतो. त्या शाळेला एकच गेट आहे. दुसरं असतं तर गोष्ट वेगळी."

नियमकाका उठून उभे राहिले. दुसरं असतं तर! दुसरं होतंच की! शाळेच्या मागच्या गल्लीत एक लोखंडी गेट होतं. वर्षानुवर्षं बंद, आतून मोडक्या बाकांचा ढीग, बाहेरून वेलींचं जंगल. त्या गेटाची आठवण अख्ख्या शहरात फक्त नियमकाकांना होती, कारण तिथे सायकली लावू नयेत असा नियम त्यांनीच एकदा केला होता.

त्याच दुपारी ते मुख्याध्यापिकाबाईंसमोर बसले. "नियम असं सांगतो," ते म्हणाले, "की इतक्या मुलांना जायला-यायला एकच वाट असणं हा धोका आहे. आग लागली तर? धक्काबुक्की झाली तर? दुसरं गेट उघडलंच पाहिजे."

बाईंचे डोळे पाणावले. "अहो, पालक रोज गर्दीबद्दल भांडतात माझ्याशी. पण मदत करायला कुणी पुढे आलं नाही. तुम्ही स्वतःहून आलात. ना तुमचं मूल शाळेत, ना नातवंड. किती निःस्वार्थ!"

नियमकाकांनी नम्रपणे मान खाली घातली. ती त्यांनी वेळेवर खाली घातली म्हणून बरं, नाहीतर बाईंना चेहरा दिसला असता.

मग सुरू झालं गेट-प्रकरण. आधी किल्ली सापडेना. मग किल्लीवाला आला, तर कुलूप गंजून एकजीव झालेलं. कुलूप कापणारा आला, तर वेलींमुळे त्याचा हात पोचेना. माळी आला, तर वेलीत गांधीलमाशांचं पोळं. माळी जितक्या वेगाने आला त्याच्या दुप्पट वेगाने गेला. शेवटी नियमकाकांनी स्वतः काकूंची जुनी ओढणी तोंडाला गुंडाळून, तेलाचा डबा घेऊन बिजागऱ्यांवर झडप घातली. गेट उघडलं, पण असं किंचाळलं की वर्गावर्गांतून पोरं खिडकीशी धावली. नियमकाकांचा पांढरा शर्ट छातीपासून पोटापर्यंत तेल आणि गंज यांनी माखला. डाग काही केल्या जाईना.

तळमजल्यावरच्या मावशी सल्ला द्यायला टपलेल्याच असतात. "लिंबू चोळा," म्हणाल्या. डाग पसरला. "मग खडू चोळा," म्हणाल्या. डाग पांढरट होऊन पसरला. "मग तो शर्ट घालूच नका," म्हणाल्या. "पण काय हो, एवढं कशासाठी?"

"समाजासाठी," नियमकाका म्हणाले.

शिट्टीकाका तिथेच उभे होते. त्यांनी डागाकडे पाहिलं, दोस्ताकडे पाहिलं आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "चांगलं काम करतोयस रे."

हे ऐकून एखाद्याला लाज वाटली असती. नियमकाकांनाही वाटली, पण ती त्यांनी उद्यावर ढकलली.

कारण आता त्यांना सरावाची घाई होती. बाजारातून एक साधी शिट्टी आणून ते रोज न्हाणीघरात फुंकायचे. अडचण अशी झाली, की बाहेर काकू कुकरच्या शिट्ट्या मोजत असायच्या. कुकरची एक, यांची एक, असं करत काकू भसकन गॅस बंद करायच्या. ओळीने कितीतरी दिवस घरात कच्चे बटाटे खाल्ले गेले. काकू कुकर दुरुस्तीला देऊन आल्या, दुरुस्तीवाल्याने कुकरमध्ये काही दोष नाही म्हणून परत दिला, तेव्हा कुठे त्यांनी एका सकाळी न्हाणीघराचं दार ठोठावलं.

"अहो, आतला कुकर, बाहेर या!"

शिट्टी जप्त झाली. जलतरणाचं कार्डही काकूंच्या हाती लागलं. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मात्र कामाचं आहे." कार्डावरचा फोटो बदलून घेऊन त्या खरंच जायला लागल्या, पोहायच्या टोपीसकट. पण ती वेगळीच गोष्ट.

मोजणीचा दिवस उजाडला. मोजणीदार म्हणजे एक सुस्त गृहस्थ. हातात टकटक वाजणारं छोटं यंत्र, बसायला घडीचं स्टूल. एक मूल गेलं की एक टक. सकाळी पुढच्या गेटाशी त्याचा जोडीदार बसला, मागच्या गेटाशी हा. नियमकाका कडेला उभे राहून प्रत्येक पोराला खुणेने बोलावत होते, "इकडून या, इकडून! सावली आहे!"

आणि पोरं आली. पोरांना काय, नवं गेट म्हणजे मज्जा! निम्मी नव्या गेटाने गेली, निम्मी जुन्या सवयीने पुढच्या. काही पुढून आत जाऊन मागून बाहेर पडली आणि पुन्हा आत आली, पण मोजणीदार सुस्त असला तरी खट्याळ पोरं ओळखण्यात मुरलेला होता. अशांना तो टक करायचा नाही.

निकालासाठी नियमकाका केंद्रात जाऊन बसले. खिडकीतल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मागच्या गेटाला पुरेशी मुलं नाहीत आजोबा. तिथे माणूस देता येत नाही."

नियमकाकांचा चेहरा पडला.

"आणि आता पुढच्या गेटालाही पुरेशी उरली नाहीत," बाई त्याच गोडव्याने म्हणाल्या. "त्यामुळे तिथलाही माणूस सोमवारपासून बंद."

हेवा वाटणाऱ्या माणसाला हे ऐकून आनंद व्हायला हवा. नियमकाकांनी तो आनंद शोधला. घरी येताना सगळा रस्ता शोधत होते. खिशातून किल्ली पडावी आणि माणसाने चाचपत राहावं, तसे. नाही सापडला.

सोमवारी सकाळी शिट्टी वाजली नाही. नियमकाका खाली आले तर पायरीवर पट मांडलेला. मवाळकाका साधा शर्ट घालून बसलेले.

"ये," ते म्हणाले. "किती दिवसांनी, नाही?"

हेच तर हवं होतं ना? रोजचा डाव, रोजचा दोस्त, सगळं पहिल्यासारखं? नियमकाका बसले. खेळायला लागले. रस्त्यावर टेम्पो न थांबता गेला. पोरं कडेला घोटाळत उभी राहिली, एकमेकांचे हात धरून धावत सुटली. दर खेपेला मवाळकाकांची मान नकळत वळायची आणि हात गळ्याशी जायचा, जिथे शिट्टीची दोरी असायची.

"गंमत सांगू?" ते सोंगटीकडे बघत म्हणाले. "घरात मी बोललो तर मांजरसुद्धा कान हलवत नाही. दुकानात गिऱ्हाईकं म्हणायची, मोठ्याने बोला हो. जन्मभर ऐकलं ते. आणि परवापरवापर्यंत मी नुसता हात वर केला की ट्रक थांबायचा रे. ट्रक!" ते हसले. "जाऊ दे. मुलांची गर्दी कमी झाली, ते चांगलंच झालं. खेळ. तुझी पाळी."

नियमकाकांनी वजीर उचलला आणि मवाळकाकांच्या हत्तीच्या तोंडी ठेवला. चुकून नाही. मुद्दाम. मवाळकाकांनी तो मारलाच नाही. त्यांचं लक्षच नव्हतं.

नियमकाका ताडकन उठले.

"कुठे निघालास?"

"कामाला!"

खिडकीतल्या बाईंनी त्यांना पाहून सुस्कारा सोडला. गोड सुस्कारा. "आता काय आजोबा?"

"पुढच्या गेटाचा माणूस परत ठेवा. आणि मागचं गेट बंद करायचंय."

"उघडायला लावणारेही तुम्हीच ना? मग बंद का?"

नियमकाकांनी डोळे मिटले. "नियम असं सांगतो की..." आणि पुढचं काही येईना! आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे नियम नव्हता. मागे रांग लागली होती. कुत्र्याच्या परवान्याचा कुत्राही आला होता, बहुधा अजून परवाना मिळाला नव्हता. सगळे ऐकत होते.

"जळफळाट झाला माझा," ते शेवटी म्हणाले. "माझ्या दोस्ताला शिट्टी मिळाली आणि मला नाही, म्हणून. ते गेट मी त्यापायी उघडायला लावलं. आता त्याची शिट्टी गेली आणि मला झोप येत नाही. बास. हे कारण आहे."

मागून कुणीतरी च्यक् केलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"या कारणासाठी आमच्याकडे काही सोय नाही आजोबा," त्या म्हणाल्या, पण या वेळी आवाज नुसता गोड नव्हता, खरा होता. "पण गेट बंद कशाला करता? सायकलवरची मुलं आम्ही मोजतच नाही. पायी जाणारीच मोजतो. मागचं गेट फक्त सायकलींना ठेवलं, तर बाकी सगळी मुलं पुढे येतील. शाळेला विचारून बघा."

शाळेला? पुन्हा त्या डोळे पाणावणाऱ्या बाईंसमोर? नियमकाका गेले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "सायकलींना वेगळी वाट! अहो, हे आम्हाला का नाही सुचलं! किती विचार करता तुम्ही!" काही माणसांना आपण निःस्वार्थ नाही हे पटवून देणं केवळ अशक्य असतं. नियमकाकांनी नाद सोडला.

पण खरी कसोटी पुढेच होती. पोरांना मागच्या सावलीची चटक लागली होती. पुन्हा मोजणी लागली, आणि दोनच आठवड्यांपूर्वी "इकडून या!" म्हणून ओरडणारे नियमकाका आता त्याच गल्लीत दोन्ही हात पसरून "इकडून नाही! पुढून जा! पुढून!" असं ओरडत धावत होते.

"आजोबा, तुम्हीच तर म्हणालात सावली आहे," ती पहिलीतली चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"सावली काढून टाकली आहे!" नियमकाका म्हणाले.

मोजणीदाराने स्टुलावरून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्हाला नक्की काय हवंय हो?" त्याने विचारलं. प्रश्न योग्य होता.

यंत्र पुरेसं टकटकलं. मवाळकाकांना जाकीट परत मिळालं, पाटी मिळाली, शिट्टी मिळाली. फुर्रर्र! टेम्पो थांबला, आणि टेम्पोवाल्याने भोंगा वाजवून आनंद व्यक्त केला, जे नियमबाह्य होतं, पण नियमकाका काही बोलले नाहीत.

आता वाटेल की मत्सर संपला. छे! तसं असतं तर मत्सर आणि गृहपाठ यांत फरक काय राहिला? दुसऱ्याच दिवशी तो मावशींच्या थर्मासमागोमाग हजर झाला. फक्त आता नियमकाकांकडे त्याच्यासाठी एक रीतसर जागा होती. निघताना खिडकीतल्या बाई म्हणाल्या होत्या, "तुमच्यासाठी एक काम आहे आजोबा. बदली माणूस. मुख्य माणूस आजारी पडला, तर त्या दिवशी तुम्ही. जाकीट वेगळं मिळेल. शिट्टी मात्र एका जागेला एकच, ती मुख्य माणसाकडे."

तेव्हापासून नियमकाकांची सकाळ नव्या रीतीने सुरू व्हायची. जाकीट अंगात घालून ते समोरचं दार वाजवायचे.

"कसं वाटतंय आज?"

"ठणठणीत," मवाळकाका म्हणायचे.

"घसा?"

"स्वच्छ."

"गुडघे? वातावरण दमट आहे. अंग वगैरे दुखत असेल."

"अजिबात नाही रे."

"बघ हं, अंगावर काढू नकोस," नियमकाका म्हणायचे आणि जाकीट काढून खुंटीला लावायचे. दोस्ताच्या तब्येतीची इतकी चौकशी अख्ख्या इमारतीत कुणी करत नव्हतं. मावशींना तर गहिवरून यायचं.

दिवस गेले. मवाळकाकांना साधी शिंक येईना. बेटा रस्त्यावर उभा राहून राहून आणखीच धडधाकट झाला होता.

आणि मग एका सकाळी नियमकाकांनी दार वाजवायच्या आतच ते उघडलं. मवाळकाका गळ्याला मफलर गुंडाळून उभे.

"खॉक्," ते म्हणाले. "खॉक्, खॉक्."

नियमकाकांनी डोळे बारीक केले. असला भिकार खोकला त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. चाचणी परीक्षेच्या दिवशी पोरं खोकतात, तोही बरा. चेहरा तुकतुकीत, डोळे चकचकीत, आणि मफलर उलटा. नियम सांगत होता, आजारपणाला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. नियम जिभेच्या टोकावर आला होता.

"फार वाटतंय का रे?" नियमकाकांनी विचारलं.

"हो ना. आजच्या दिवस उभं राहवणार नाही," मवाळकाका म्हणाले. त्यांनी गळ्यातली दोरी काढली आणि शिट्टी पुढे केली. "गरम पाण्याने धुतली आहे. आणि हे बघ, जाकिटाच्या आत आज दुसरा शर्ट घाल. त्या गेटाचे डाग अजून गेले नाहीत. मी रोज बघतोय."

म्हणजे ते गेट कशापायी उघडलं, हे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून! नियमकाकांनी शिट्टी घेऊन गळ्यात अडकवली.

"जा रे, उशीर होईल," मवाळकाका म्हणाले. "पोरं खोळंबतील. खॉक्."

नियमकाका रस्त्याच्या कडेला उभे राहिले. टेम्पो येताना दिसला. त्यांनी शिट्टी तोंडात धरली, जन्माचं बळ एकवटलं आणि फुंकली. 'फीस' असा आवाज आला. टेम्पो तरीही थांबला. टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "आज साहेब नाहीत का?" नियमकाकांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि पाटी उंच धरली.

पोरं निघाली. पहिलीतली ती चिमुरडी त्यांच्याजवळ येऊन थबकली. वर बघितलं, जाकीट बघितलं, पाटी बघितली, आणि टाचा जुळवून त्यांना कडक सलाम ठोकला.

नियमकाकांच्या छातीत काहीतरी एवढं मोठं झालं की जाकिटाचं बटण ताणलं. पुढची शिट्टी खणखणीत वाजली. 'खबरदार!' असं स्पष्ट ऐकू आलं. तळमजल्यावरच्या मावशी थर्मास घेऊन दारात आल्या. मागे गाड्यांची रांग लागली, सगळीच्या सगळी त्यांच्या एका फुंकरीवर थांबलेली.

तेव्हा त्यांनी सहज वर पाहिलं. इमारतीच्या खिडकीत पडदा हलला. पडद्याआड, मफलरमधून, आजारी माणसाचे दोन डोळे रोखून बघत होते. आधी चिमुरडीच्या सलामाकडे, मग मावशींच्या थर्मासकडे. त्या चेहऱ्यावरचा भाव नियमकाकांच्या इतका ओळखीचा होता, की क्षणभर त्यांना आरशात बघितल्यासारखं वाटलं.

ते मोकळेपणाने हसले, आणि काही एक कारण नसताना आणखी एकदा शिट्टी फुंकली.

दुसऱ्या दिवशी मवाळकाका बरे झाले. शाळेच्या वेळेच्या कितीतरी आधी.